मदत हवी आहे: जँगो अ‍ॅडमिनमध्ये मार्गानुसार स्टेशनांचा ड्रॉपडाऊन

जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) ४.२. मुंबई लोकलच्या तक्रारी नोंदवायचं अ‍ॅडमिन आहे. तक्रारीला मार्ग आणि स्टेशन या दोन फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीचे दुवे). स्टेशन-मार्ग मेनी-टू-मेनी, कारण दादर स्टेशन पश्चिम आणि मध्य या दोन्ही मार्गांवर, कुर्ला मध्य आणि हार्बरवर. पर्यवेक्षकाला त्याच्याच मार्गांची स्टेशनं दिसावीत म्हणून फॉर्मफील्ड_फॉर_फॉरेनकी (ड्रॉपडाऊनची यादी ठरवणारी मेथड) मध्ये फिल्टर(मार्ग__इन=...) लावलं. ज्याच्याकडे पश्चिम आणि मध्य दोन्ही आहेत त्याला दादर दोनदा दिसतं, आणि ते सेव्ह केलं की ५०० एरर: मल्टिपलऑब्जेक्ट्सरिटर्न्ड. शिवाय निवडलेल्या मार्गानुसार यादी आणखी गाळायची आहे. ते कुठे करावं?

प्रतिसाद:
दादर दोनदा दिसणं आणि ५०० एरर, दोन्हींचं मूळ एकच. जॉइनमुळे (टेबलं जोडल्यामुळे) दादरच्या दोन ओळी येतात. सेव्ह करताना फील्ड त्याच क्वेरीसेटवर (डेटाबेसमधून मागवलेल्या यादीवर) एकच ओळ आणणारं गेट() चालवतं. ओळ सापडली नाही तर ते फॉर्मवर चूक दाखवतं, पण दोन सापडल्या तर तो एक्सेप्शन कोणीच पकडत नाही. शेवटी डिस्टिंक्ट() लावा, म्हणजे दुहेरी ओळी गळतील.

मार्गाची गाळणी फॉर्मफील्ड_फॉर_फॉरेनकी मध्ये नको, त्या मेथडला उघडलेली नोंद मिळत नाही. मॉडेलफॉर्मच्या __इनिट__ मध्ये, सुपर() नंतर करा. फॉर्म बाउंड (भरून पाठवलेला) असेल तर मार्ग सेल्फ.डेटा मधून घ्या, नाहीतर सेल्फ.इन्स्टन्स (उघडलेली नोंद) मधून. रिकामा असेल तर गाळू नका. नुसत्या इन्स्टन्सवर विसंबलात तर मार्ग पश्चिमवरून हार्बर केल्यावर वडाळा रोड अमान्य ठरेल, कारण सर्व्हर अजून जुनीच यादी तपासतोय. आणि फील्डच्या आधीच्याच क्वेरीसेटवर फिल्टर लावा. स्टेशन.ऑब्जेक्ट्सपासून नव्याने सुरुवात केलीत तर पर्यवेक्षकाचं बंधन गळून पडतं.

धागाकर्ता:
डिस्टिंक्ट() ने दादर सुटलं, आभार! पण फक्त पाहण्याची परवानगी असलेल्यांना आता 'स्टेशन' वर कीएरर (ते नाव सापडत नाही अशी चूक) येतोय.

प्रतिसाद:
त्यांच्यासाठी सगळी फील्ड रीडओन्ली होतात, म्हणून ती सेल्फ.फील्ड्समध्ये नसतात. आधी 'स्टेशन' त्यात आहे का ते तपासा.

ऑटोकम्प्लीट_फील्ड्स (टाइप करून शोधायचा ड्रॉपडाऊन) लावणार असाल तर जपून: त्याची यादी स्टेशनच्या स्वतःच्या अ‍ॅडमिनमधून येते, तुमचा क्वेरीसेट तिथे पोचत नाही. सगळी स्टेशनं दिसतात आणि तुमच्या क्वेरीसेटबाहेरची सेव्ह करताना नाकारली जातात. इथे साधा ड्रॉपडाऊनच बरा.

मार्ग बदलताच यादी बदलायला जावास्क्रिप्ट लागेलच. त्यासाठीचा व्ह्यू (यादी परत देणारं फंक्शन) गेट_यूआरएल्स मध्ये सुपरच्या यादीआधी जोडा आणि सेल्फ.अ‍ॅडमिन_साइट.अ‍ॅडमिन_व्ह्यू() मध्ये गुंडाळा, नाहीतर तो लॉगिनशिवाय उघडेल. पर्यवेक्षकाचा फिल्टर त्या व्ह्यूतही हवा.