कंप्रेसर सुरू झाला की कंट्रोलर रीसेट होतो, पॉवर कुठून द्यावी?

गॅरेजवाला_एडिसन
मंडळी, जरा डोकं लावा. मी न्यू जर्सीत असतो, गॅरेजमध्ये पाच गॅलनची बिअर करतो, वर्षभर झालं. जुना चेस्ट फ्रीझर घेतलाय, त्यात फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) ठेवतो आणि तापमान सांभाळायला ईएसपी३२ वर (वायफायवालं छोटं प्रोग्रॅम करायचं बोर्ड) स्वतः कंट्रोलर केलाय, एक डीएस१८बी२० तापमान सेन्सर, दोन रिलेचं (विजेवर चालणारे स्विच) ते निळं बोर्ड, एका रिलेवर फ्रीझर आणि दुसऱ्यावर हीट बेल्ट, म्हणजे फर्मेंटरला गुंडाळायचा गरम पट्टा. पॉवर फोनच्या चार्जरवरून, चार्जर भिंतीला आणि तिथून तीन मीटरची यूएसबी केबल.

शनिवारी यीस्ट टाकलं, १९ डिग्री सेट केलं, रविवारी एअरलॉक (झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी) मस्त बुडबुडत होता. सोमवारी सकाळी बायको म्हणाली गॅरेजमधून सारखं टक टक येतंय, जाऊन बघतो तर फ्रीझर सुरू होतोय, बंद होतोय, परत सुरू होतोय, आणि बिअर ११ वर! एअरलॉक गप्प. लॉग काढला तर मध्येमध्ये ८५ डिग्री रीडिंग. ८५! बिअर आहे का चहा? आणि त्याच्या वर दर वेळी "ब्राउनआउट डिटेक्टर", म्हणजे व्होल्टेज पडलं म्हणून ईएसपी रीसेट.

चार्जर दोन अँपिअरचा आहे, ईएसपी एवढं खात नाही. मग का पडतोय? मोठा चार्जर घेऊ का? आई आलीये सध्या साताऱ्याहून, ती म्हणते आम्ही दही लावताना कधी यंत्र लावलं नाही रे.

तारकाका
आई बरोबर बोलतायत 😄

मोठा चार्जर घेऊन काही होणार नाही, आधी मल्टिमीटर लाव. पण चार्जरच्या टोकाला नको, ईएसपीच्या ५ व्होल्टच्या पिनवर लाव, आणि रिले ओढत असताना बघ. मी पैज लावतो साडेचारच्या खाली असेल.

हिशोब कर ना. स्वस्त केबलमध्ये तार २८ गेजची असते, दर मीटर लांबीला साधारण ०.२१ ओहम. तीन मीटर जायला, तीन मीटर यायला, म्हणजे १.३ ओहमच्या आसपास. रिलेची कॉइल ७०-८० मिलिअँप, दोन धरल्या तर दीडशे, त्यावर वायफाय पाठवताना ईएसपी क्षणभर तीनशेच्या पुढे जातो. अर्धा अँपिअर झाला की केबलमध्येच ०.६ व्होल्ट गेले. बोर्डवरच्या रेग्युलेटरला ३.३ काढायला वर व्होल्टभर तरी जास्त लागतं, मग उरलं काय? आधीच काठावर आहेस, त्यात कंप्रेसर सुरू होताना लाइन क्षणभर बसते, रिलेच्या काँटॅक्टवर ठिणगी पडते आणि डोलारा कोसळतो.

८५ चं म्हणशील तर ती सेन्सरची चूक नाही. डीएस१८बी२० ला पॉवर आली आणि मोजणी पूर्ण व्हायच्या आत वाचलं की तो ८५ च सांगतो, ती त्याची सुरुवातीची किंमत आहे. तुझा कोड ते खरं मानतो, बापरे केवढं तापलं म्हणून फ्रीझर लावतो, फ्रीझर लागला की परत रीसेट. सकाळपर्यंत हेच चाललं असणार.

गॅरेजवाला_एडिसन
काका धन्य आहात. मोजलं. दोन्ही रिले बंद ४.७८, एक चालू ४.५१, आणि फ्रीझर लागताना मीटर ४.२ दाखवून गेला, त्याच्याखाली किती गेला ते मीटरच्या वेगात दिसेना. मग काय, आखूड केबल लावू? भिंतीचं सॉकेट लांब आहे हो, म्हणून तर तीन मीटर घेतली.

फसफस_पुणे
मी पुण्यातून. इथे परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, म्हणून मी कोंबुचावर (आंबवलेला चहा) भागवतो, पण कंट्रोलरचं दुखणं तेच. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते, इन्व्हर्टरवर जाताना जो डोळा मिचकावतो तेवढ्यात माझा ईएसपी मरायचा. मी ५ व्होल्ट लांबून आणायचं सोडूनच दिलं. १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर भिंतीला, तिथून जाड वायर, आणि बोर्डशेजारी छोटा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल) ५.० वर सेट केलेला. १२ मध्ये करंट निम्म्याहून कमी लागतो आणि वाटेत अर्धा व्होल्ट गेला तरी बकला फरक पडत नाही. बकच्या आउटपुटला १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. फक्त लावायच्या आधी मीटरने सेट कर, मी एकदा न बघता ९ व्होल्ट दिले आणि बोर्डाची आहुती दिली.

स्टाऊटप्रेमी
किंवा सरळ एचएलके-पीएम०१ घे, ते मेन्सवरून (घरच्या लाइनवरून) ५ व्होल्ट देणारं छोटं मॉड्यूल, डब्यातच बसतं, केबलची भानगडच नाही.

तारकाका
ते ६०० मिलिअँपचंच आहे, याच्या लोडला परत काठावर. आणि उघडं मेन्स डब्यात, वर फ्यूज हवा, गॅरेजमधली ओल वेगळी. नवख्याला सांगू नये. फसफसचा १२ व्होल्टचा मार्ग बरा.

पण खरी भीती मला रिलेची आहे. त्या निळ्या रिलेवर १० अँपिअर छापलेलं असतं ते हीटरसारख्या साध्या लोडसाठी. कंप्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट ओढतो, असं महिनोन्महिने चाललं की एक दिवस काँटॅक्ट चिकटतात आणि मग फ्रीझर बंदच होत नाही, सगळा माल बर्फ. त्या निळ्या रिलेने मोठा ३० अँपिअरचा रिले चालव आणि त्याच्या काँटॅक्टवर आरसी स्नबर (ठिणगी शमवणारी रेझिस्टर-कॅपॅसिटरची जोडी) टाक. त्या निळ्या बोर्डवर जेडी-व्हीसीसीचा (कॉइलच्या पॉवरची पिन) जंपर असेल तर काढ, कॉइलला थेट बकमधून ५ दे आणि व्हीसीसीला ईएसपीचे ३.३, म्हणजे सिग्नल ऑप्टोच्या (उजेडाने सिग्नल देऊन दोन बाजू वेगळ्या ठेवणारा भाग) अलीकडेच राहील. आणि जीएफसीआय सॉकेटवरच (करंट गळला की ट्रिप होणारं) लाव, ते काढून टाकू नकोस कितीही ट्रिप झालं तरी.

कोडमध्ये दोन गोष्टी. ८५ आणि -१२७ आलं की फेकून द्यायचं, -१२७ म्हणजे लायब्ररी सांगतेय की सेन्सर सापडत नाही. दुसरं, बूट झाल्यावर पाच मिनिटं फ्रीझरला हात लावायचा नाही, काही झालं तरी. ती टक टक म्हणजे कंप्रेसरचा ओव्हरलोड (जास्त करंट झाला की तोडणारा स्विच) पडत होता, आतलं प्रेशर उतरायच्या आधीच परत सुरू करत होतास.

स्टाऊटप्रेमी
बरं मान्य. बिअरचं काय पण? ११ ला यीस्ट झोपलं असेल, मेलं नसेल. हळूहळू १९-२० वर आण, फर्मेंटर हलकेच गोल फिरव म्हणजे खाली बसलेलं वर येईल. झाकण उघडू नको.

गॅरेजवाला_एडिसन
अपडेट. १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर जुन्या राउटरचा निघाला, बक मागवला, परवा बसवला. फ्रीझर लागताना पिनवर ४.९७, हलतसुद्धा नाही. दोन रात्री झाल्या, एकही रीसेट नाही. मोठा रिले अजून यायचाय, तोवर रोज झोपताना जाऊन हात लावून बघतोय बंद होतोय का.

एअरलॉक मंगळवारी रात्री परत सुरू झाला, आईनेच आधी ऐकला. काका, स्नबर तयार मिळतो का १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड वेगवेगळे घेऊ?

तारकाका
तयार मिळतो, तोच घे. सुटा केलास तर कॅपॅसिटर एक्स२ (मेन्ससाठीचा सुरक्षित प्रकार) लिहिलेलाच, दुसरा कुठलाही मेन्सवर लावू नकोस.