व्यसनमुक्ती केंद्रात नाहीशी झालेली तलफ गल्लीच्या तोंडाशी परत येते: हे घरच्यांना आधी का सांगत नाहीत?

ओसरी

माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी दारूसाठी एका व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवस होता. तिथं तलफ येत नाही असं तो सांगायचा, आणि ते खरं होतं. भेटायला गेलं की चेहऱ्यावरच दिसायचं. घरी आणलं त्या संध्याकाळी रिक्षा आमच्या गल्लीत वळली. तोंडाशीच अंडाभुर्जीची गाडी लागते, दारूबरोबर तो तिथलीच भुर्जी खायचा. तव्यावर उलथनं खणखणत होतं. त्याने माझा हात धरला, तळवा ओला झाला होता. म्हणाला, "ताई, तोंडाला पाणी सुटलंय." पुढे नऊ आठवडे त्याने काढले, मग स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायला. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं: याला सोडायचीच नाही, पैसे पाण्यात गेले.

त्यानंतर मी वाचायला लागले. २००२ साली हान्स क्रॉम्बॅग आणि यावीन शहम यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. एका पिंजऱ्यात कळ दाबली की हेरॉइन आणि कोकेनचं मिश्रण शिरेतून मिळायचं. मग त्यांना दुसऱ्या, वेगळ्या दिसणाऱ्या पिंजऱ्यात ठेवलं. तिथं कळ दाबून काही मिळेना, म्हणून त्यांनी हळूहळू ती दाबायची सोडली. आपण म्हणू, सुटलं. मग त्यांना परत पहिल्या पिंजऱ्यात आणलं. मिळत काहीच नव्हतं, तरी ते पुन्हा कळ दाबायला लागले. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि मला रडू आलं. ती आमची गल्ली होती.

त्याआधी २००१ साली 'नेचर'मध्ये शहम यांच्याच गटाचा दुसरा प्रयोग आला होता. कोकेन बंद केल्यावर काही उंदरांना दुसऱ्या दिवशी, काहींना आठवड्याने, काहींना महिन्या-दोन महिन्यांनी जुनी खूण, म्हणजे कोकेन मिळताना लागायचा तो दिवा आणि आवाज, दाखवली. धडपड सगळ्यात जास्त केली ती दोन महिने झालेल्यांनी. याला ते तलफेची उबवण म्हणतात. पुढे हेरॉइन, निकोटिन, दारू यांच्याबाबतही उंदरांत हे दिसलं. आम्ही मात्र दोन महिने झाले म्हणून निर्धास्त झालो होतो. वडील तर त्याला दुकानाच्या वसुलीला एकट्याला पाठवायला लागले होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांना समोर बसवून हे सांगायला हवं.

अकरावं_वर्ष

ताई, तुमचं दुःख समजतं, पण मला हे पटत नाही. मी अकरा वर्षं दारूला शिवलेलो नाही. पिणाऱ्याला निमित्त हवंच असतं. पगार झाला, बायको बोलली, पाऊस पडला, काहीही चालतं. उद्या मी म्हणेन की मेंदूत उबवण चालू आहे, माझा काय दोष! शेवटच्या दिवशी कुणी मला सांगितलं असतं की दोन महिन्यांनी जोर वाढतो, तर मी कॅलेंडरवर त्या तारखेची वाट बघत बसलो असतो. आम्हाला 'आजचा दिवस', म्हणजे फक्त आज प्यायची नाही एवढंच बघायचं, हे शिकवलं ते उगाच नाही. शिवाय उंदराने कुणाला शब्द दिलेला नसतो. मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून दिलेला मोडला, तीनदा. ती लाज घेऊनच मी उभा राहिलो.

वाटसरू

लाजेने माणूस उभा राहतो की अजून पितो, यावर वेगळा धागा होईल. मुद्दा माणसांचा आहे. कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठात ब्रूस अलेक्झांडर यांनी १९७० च्या दशकात उंदरांसाठी एक 'पार्क' बांधला. नेहमीच्या पिंजऱ्याच्या सुमारे दोनशेपट जागा, खेळायला डबे, भुसा, आणि एकत्र १६ ते २० नर-माद्या. एका नळीत साधं पाणी, दुसरीत साखर घातलेलं मॉर्फिनचं पाणी. एकेकट्या पिंजऱ्यातले उंदीर मॉर्फिन प्यायले, पार्कातले बहुतेक साध्या पाण्याकडे वळले. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांचं ली रॉबिन्स यांनी पाहिलं, तर घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यातले सुमारे ५ टक्केच पुन्हा अडकले. माणसं द्या, काम द्या, व्यसन सुटतं. केंद्रं, गोळ्या हे सगळं नंतर.

पिपेट

मी औषधशास्त्रात संशोधन करते, काही वर्षं उंदरांवरच काम केलं आहे. वाटसरू, तुमच्या शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. हे व्हिडिओतून पसरतं आणि मग लोक सुरू असलेली गोळी बंद करून पेशंटला गावी मामाकडे पाठवतात. पार्कातलं आणि पिंजऱ्यातलं पिणं मोजायची साधनंच वेगवेगळी होती. १९९६ मध्ये ब्रूस पेट्री यांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा फरक मिळाला नाही. उंदरांच्या जातीवरही बरंच अवलंबून असतं.

सोबतीची ताकद दाखवणारा पक्का प्रयोग बघायचा तर २०१८ चा बघा, मार्को व्हेनिरो आणि शहम यांचा. उंदरासमोर दोन कळा: एकीने मेथॅम्फेटामिन, दुसरीने दार उघडून शेजारचा उंदीर भेटतो. जवळजवळ प्रत्येक वेळी त्यांनी शेजारी निवडला. असं सोबत निवडून नशा सोडलेल्यांत ती उबवणही दिसली नाही. पण पुढचा भाग व्हिडिओत नसतो. कळ दाबल्यावर शेजारी यायला उशीर व्हायला लागला, किंवा सोबत निवडली की पायाला झटका बसायला लागला, तेव्हा तेच उंदीर नशेकडे वळले. नुसती माणसं असून भागत नाही. ती लगेच भेटावी लागतात, आणि भेटल्यावर टोचायला नकोत.

आणखी एक. फ्रान्समध्ये मार्सेलो सोलिनास यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं की कोकेनची सवय लागलेल्या लहान जातीच्या उंदरांना (माइस) महिनाभर खेळणी-चाकं असलेल्या मोठ्या घरात ठेवलं की तिचा जोर ओसरतो. त्याच गटाला नंतर दिसलं की ते घर काढून घेतलं तर फायदाही जातो. व्हिएतनामचे सैनिकही असेच वाचा. त्यांचा पिंजराच कायमचा सुटला, ते परत सायगावला राहायला गेले नाहीत. ओसरीच्या भावाला मात्र त्याच गल्लीत राहायचंय.

अकरावं_वर्ष, उंदीर म्हणजे माणूस नाही हे तुमचं म्हणणं आम्हालाही महागात पडलेलं आहे. तणावाने उसळणारी तलफ उंदरांत थांबवणारी रसायनं होती, पेक्सासेरफॉन्ट त्यातलंच. दारू सोडू पाहणाऱ्या माणसांवर ते चाललं नाही. उलट नालट्रेक्सोन उंदीर-माकडांत दारूवर चाललं आणि १९९४ मध्ये अमेरिकेत दारूसाठी मंजूर झालं, आज आपल्याकडेही लिहून देतात. दोन्ही खरं आहे. पण आपली लाज आणि उंदरांचा मेंदू एकमेकांच्या आड येत नाहीत. शब्द मोडताना तुमच्या डोक्यात काय चाललं होतं, त्याचा एक तुकडा तेवढा आम्हाला दिसतो.

मुकी_जनावरं

ज्या जनावराला नशा नको होती त्याला ती लावायची, मग तोडायची, मग परत दाखवायची. पायाला झटके द्यायचे. वर शेजारी भेटला की त्याला बरं वाटतं, हे कळायला प्रयोग लागतो? ज्याला सोबत हवी हे तुम्ही सिद्ध केलंत, त्यालाच एकट्याला पिंजऱ्यात ठेवता.

पिपेट

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मानेतल्या शिरेत नळी बसवलेला उंदीर मी रोज सकाळी हातात घ्यायचे, नळी तुंबू नये म्हणून हेपरिनचं सलाईन सोडायला. काही दिवसांनी तो आपणहून हातावर चढायचा. ते मला कधी सोपं गेलं नाही. प्राणी-प्रयोगांच्या समितीची परवानगी लागते, संख्या कमीत कमी ठेवावी लागते, हे सगळं आहे, पण तुमचा प्रश्न त्याने मिटत नाही. एवढंच सांगते की सोडल्यानंतर मेंदू भरून येतो हे आम्हाला त्यांच्याकडूनही कळलं. २००४ मध्ये किम निक्सन आणि फुल्टन क्रूझ यांनी उंदरांना चार दिवस भरपूर दारू देऊन थांबवली. आठवड्याने त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी बनतात त्या भागात, नव्या पेशी जन्मण्याला एकदम उधाण आलं. दारू चालू असताना हेच काम मंदावलेलं होतं. मेंदू गेला तो गेलाच, असं घरचे म्हणतात तेव्हा मला हे सांगता येतं.

अकरावं_वर्ष

हे शेवटचं मला माहीत नव्हतं. कुणी तेव्हा सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं, हे कबूल करतो. तरी माझा विरोध कायम आहे. घरच्यांना जरूर सांगा, पण पेशंटला आकडे सांगू नका. त्याला रस्ता सांगा. मी तीन वर्षं एक स्टॉप आधी उतरून चालत घरी गेलो, कारण आमच्या स्टॉपसमोर बार होता. कुठला प्रयोग वाचला नव्हता, स्पॉन्सरने, म्हणजे आधी दारू सोडलेल्या माझ्या वाटाड्या सोबत्याने, सांगितलं म्हणून केलं. ताई, त्याला मागच्या रस्त्याने आणा.

पिपेट

पहिले काही आठवडे नक्की मागच्या रस्त्याने. पण रस्ता टाळला म्हणून ती आठवण पुसली जात नाही, ती तिथंच असते. ती विझवायची तर त्याच जागी, न पिता, पुन्हा पुन्हा उभं राहावं लागतं. केंद्रातल्या खोलीत विझवलेली आठवण गल्लीत विझत नाही, हाच तर २००२ चा धडा आहे. मात्र एकट्याने नाही, आणि समुपदेशकाशी ठरवल्याशिवाय नाही.

वाटसरू

गोळीबद्दल मी घाईने लिहिलं, ते मागे घेतो. माणसं आधी, हे मागे घेत नाही.

ओसरी

भाऊ येत्या रविवारी दुसऱ्यांदा घरी येतोय. या वेळी समुपदेशकांना मी दोन्ही प्रयोग नेऊन दाखवले, आणि त्यांनी घरच्यांसाठी तासभर वेळ दिला. वडील पूर्ण तास गप्प बसले होते. उठताना फक्त विचारलं, "म्हणजे दोन महिन्यांनी मी त्याच्याबरोबर वसुलीला जायचं ना?" अकरावं_वर्ष, पेशंटला सांगू नका हे मला जमणार नाही, त्याने स्वतःच विचारलं आणि मी सांगितलं. ऐकून म्हणाला, "मग मला वाटलं तसं मी एकटाच नाही."

पहिला महिना शाळेच्या मागच्या बोळातून. मग आठवड्यातून एकदा मी बरोबर असताना समोरून, असं ठरलंय. भुर्जीवाल्या काकांनाही सांगून आले. भाऊ विचारतो, तेव्हा भुर्जी खायची का, सरबताबरोबर? मी अजून हो म्हटलेलं नाही. पिपेट, यावर तुम्ही काय म्हणाल?