ईआरपीवाल्याशी वाद: 'फायनल ॲक्सेप्टन्स'वर सही झाली आहे, मदत हवी आहे

नमस्कार. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे, प्रायव्हेट लिमिटेड, भाऊ आणि मी बघतो. गेल्या वर्षी एका सॉफ्टवेअर कंपनीकडून (नाव देत नाही) ईआरपी, म्हणजे स्टॉक, बिलं, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घेतलं. ऑर्डर 14 लाखांची. 9 लाख 80 हजार दिलेत, उरलेले 4 लाख 20 हजार 'गो-लाइव्ह' (सिस्टीम प्रत्यक्ष वापरात) झाल्यावर द्यायचे. गो-लाइव्ह कशाला म्हणायचं हे करारात कुठेच नाही. आम्हीही तेव्हा विचारलं नाही, ही चूक मान्य.

मुख्य दुखणं हीट नंबरचं आहे. प्रत्येक हीटला, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूला, नंबर पडतो आणि तो कास्टिंगसोबत (ओतीव मालासोबत) गिऱ्हाइकापर्यंत जातो. माल जाताना नंबर नीट जातो, पण रिजेक्ट होऊन परत आला की सॉफ्टवेअर तो बिननंबराचा ताजा माल म्हणून स्टॉकला चढवतं. जानेवारीत असे परत आलेले 40 नग पुन्हा त्याच गिऱ्हाइकाकडे गेले. भावाला त्यांच्या क्वालिटीवाल्यांपुढे उभं राहून ऐकून घ्यावं लागलं. तेव्हापासून स्टोअरमध्ये पुन्हा वही चालू आहे.

पहिलं बिल छापून निघालं त्याच दिवशी त्यांच्या माणसाने 'आलो होतो एवढीच नोंद' म्हणून आमच्या स्टोअरकीपर काकांची सही घेतली. वर इंग्रजीत 'फायनल ॲक्सेप्टन्स', म्हणजे अंतिम स्वीकृती, छापलेलं. काका 22 वर्षं आमच्याकडे आहेत. आता रोज विचारतात, माझ्यामुळे झालं का? मला फार वाईट वाटतं.

परवा मेल आला: 15 दिवसांत पैसे भरा, नाहीतर लॉगिन बंद आणि एमएसएमई कौन्सिलकडे (छोट्या उद्योगांच्या थकबाकीचे वाद बघणाऱ्या सरकारी परिषदेकडे) तक्रार. सगळा डेटा त्यांच्या सर्व्हरवर आहे. शिवाय वाद झाला तर लवाद त्यांचाच डायरेक्टर नेमणार असं कलम आहे. त्या सहीने सगळं संपलं का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

दादा, आधी डेटा काढा, बाकी उद्या. स्टॉक लेजर, बिलं, पार्टी मास्टर, सगळं एक्सेलमध्ये आजच उतरवा आणि पूर्ण बॅकअप मेलने मागा. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं 8 वर्षं जपायची जबाबदारी तुमची आहे, हे त्या मेलमध्ये लिहा.

कौन्सिलची धमकी हलकी समजू नका. समोरची कंपनी सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेली असेल तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्यात थकबाकीवर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट व्याज आहे, तेही दरमहा चक्रवाढ. निकाल विरुद्ध गेला आणि कोर्टात आव्हान द्यायचं झालं, तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. म्हणून नोटीस आली की हजर राहा, आणि तिथेच नुकसानीचा प्रतिदावा लावा. तो लावता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये शिल्पी इंडस्ट्रीजच्या खटल्यात मान्य केलंय.

सहीपेक्षा महत्त्वाचं विचारतो. डिलिव्हरीपासून 15 दिवसांच्या आत तुम्ही लेखी हरकत घेतली होती का? घेतली असेल, तर या कायद्यात स्वीकृतीचा दिवस ती हरकत दूर झाल्यावरच धरतात. फोनवर बोललेलं विसरा, मेल शोधा. ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमणं 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर टिकत नाही. हे सगळं घेऊन वकिलाकडे जा, नुसत्या आमच्या भरवशावर राहू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार. काल रात्री दोनपर्यंत मेल चाळले. सही 3 तारखेची. 12 तारखेला स्टोअरच्या आयडीवरून त्यांच्या सपोर्टला एक मेल गेलाय: 'परत आलेल्या मालाला हीट नंबर दिसत नाही, बघा.' सोबत स्क्रीनचा फोटो, कोपऱ्यात वहीचं पान. पाठवणारे काकाच. सकाळी त्यांना प्रिंट दाखवली. उद्या वकिलांकडे ती आणि ती वही घेऊन आम्ही दोघं जातोय.