हार्ट फेल्युअरला मराठीत काय लिहावं?

धंतोलीकर: नागपुरातले एक हृदयरोगतज्ज्ञ निवृत्त होताहेत, त्यांच्या गौरवांकासाठी परिचयलेख मराठीत करतोय. सरांची सगळी कारकीर्द 'हार्ट फेल्युअर आणि डिव्हाइस थेरपी'त गेली. मी 'हृदय निकामी होणे' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'हृदयविकाराचा झटका' केलं. तो वेगळा आजार! आणि आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. सरांचे पेशंट तर गोळ्या घेऊन वर्षानुवर्षं शेती करताहेत.

वर्धारोड: एका दवाखान्यात डॉक्टर बाहेर येऊन 'हार्ट फेल्युअर आहे' म्हणाले आणि मामीनं तिथंच हंबरडा फोडला. मामा आत खाटेवर बसून चहा मागत होते! मग सिस्टरनं सांगितलं, 'पंपिंग कमी झालं आहे, पायावरची सूज उतरवू.' तेव्हा कुठं मामी सावरली. 'पंपिंग कमी' लिहा ना बाप्पा, सीताबर्डीपासून गडचिरोलीपर्यंत समजते.

कॅथलॅबवाली: नाही पुरत. पंपिंग म्हणजे डाव्या खालच्या कप्प्यातल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्याला बाहेर ढकललं जातं ते; धडधाकट हृदयाचंही ते साधारण ५५ ते ७० टक्केच असतं. ३० ऐकलं की लोकांना वाटतं ७० टक्के हृदय गेलं. आणि पुष्कळांचं, विशेषतः बीपी-शुगरवाल्या वयस्क बायकांचं, पंपिंग चांगलं असूनही फेल्युअर असतं. डावा कप्पा ताठर होतो, नीट भरत नाही, रक्त मागे तुंबतं, दम लागतो. रिपोर्टवर ६० टक्के पाहून घरचे गोळ्या थांबवतात, हे मी पाहिलंय.

शास्त्रीबुवा: 'हृदयदौर्बल्य' हा नेमका शब्द तयार असताना उसनवारी कशाला?

महालकर: गुरुजी, गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला 'क्षुद्रं हृदयदौर्बल्यं' टाकून ऊठ म्हणतो. तिथं अर्थ कच खाणं. पेशंटला भित्रा ठरवायचं का?

शास्त्रीबुवा: संदर्भानं अर्थ बदलतो. डिव्हाइस थेरपीला 'उपकरणोपचार' म्हणा.

कॅथलॅबवाली: त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात. पेसमेकर मंद ठोके सांभाळतो, आयसीडी जीवघेणी लय शॉक देऊन मोडते, आणि सीआरटी दोन्ही खालचे कप्पे एकदम आकुंचन पाववते. तिसरीला 'तालजुळणी' चालेल. पण पेशंट तिन्हींना 'मशीन'च म्हणतात.

वर्धारोड: मशीन टाकली म्हणतात.

शास्त्रीबुवा: टाकतात कचरा. मशीन बसवतात, घट बसवतात तसे.

महालकर: मग स्टेंट का टाकतात? दुकान टाकतात, चहा टाकतात, त्यात कुठला अनादर?

कॅथलॅबवाली: स्टेंट नळीतून आत सरकवतात म्हणून टाकला. पेसमेकरसाठी गळ्याच्या हाडाखाली कातडीत खिसा करून तो नीट ठेवावा लागतो, म्हणून बसवला. १९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना जगातला पहिला बसवला, पुढे वीसहून अधिक वेळा बदलला.

धंतोलीकर: अंक शुक्रवारी छापायला जातोय. पहिल्या शब्दाचं काय?

महालकर: देव्हाऱ्यातल्या 'टाकां'चा या टाकण्याशी संबंध असावा असं मला वाटतं.

शास्त्रीबुवा: मुळीच नाही! तो 'टंक'वरून. दगड घडवायची टाकी असते, तिच्याच कुळातला.