कॅराजीनन खावं की टाळावं? मदत हवी आहे

मंडळी, माझ्या दादाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा आजार) आहे, सध्या आजार शांत आहे आणि तो रोज बदामाचं दूध पितो, काल सहज पाकीट उलटं करून बघितलं तर घटकांमध्ये ४०७ हा क्रमांक दिसला म्हणजे कॅराजीनन, दूध दाट आणि एकजीव राहावं म्हणून घालतात ते, लाल समुद्री शेवाळापासून काढलेलं. तेव्हापासून वाचतेच आहे आणि जीव नुसता वरखाली होतोय.

एवढं कळलं की पोलिजीनन नावाचा जो आम्लाने तोडलेला, छोट्या रेणूंचा प्रकार आहे त्याने प्राण्यांच्या आतड्यात जखमा झाल्या होत्या, पण तो खाण्यात वापरतच नाहीत, दोन्ही वेगळे आहेत आणि लोक सर्रास एकच समजतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये वजनाच्या दर किलोला रोज ७५ मिग्रॅ ही मर्यादा ठेवली, तीही तात्पुरती. पण २०१७ मध्ये कोलायटिसच्या फक्त १२ पेशंटवर एक चाचणी झाली त्यात कॅराजीनन घेणाऱ्या तिघांचा आजार उलटला, न घेणाऱ्यांत कुणाचाच नाही. आकडा लहान आहे मान्य, तरी दादाच्या बाबतीत मला रिस्क नकोच वाटते.

डॉक्टरांना विचारणारच आहोत. पण तुमच्यापैकी कुणी कोलायटिसमध्ये हे बंद करून पाहिलंय का, खरंच फरक पडला का? आणि घरी केलेलं बदामाचं दूध तासाभरात खाली गाळ, वर पाणी असं होतं, ते एकजीव राहायला काय घालता? प्लीज सांगा.