सल्ला हवा: एक प्रोजेक्टर, ५२ मुलं आणि मधेच जाणारं नेट

आठवी_ब_च्या_बाई:
नमस्कार मंडळी. पुण्यात पेठेतल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी आठवीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. वर्गात ५२ मुलं आहेत. यंदा माजी विद्यार्थ्यांनी शाळेला एक प्रोजेक्टर आणि एक लॅपटॉप दिला. शाळेत वायफाय आहे, पण ते ऑफिसच्या आसपासच येतं. माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर, तिथे मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावते. आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते ते तुम्हाला माहीतच आहे.

गेल्या महिन्यात मोठ्या हौसेनं एक व्हिडिओ लावला. आधी जाहिरात, मग गोल गोल फिरणारं चक्र, मग पुन्हा जाहिरात. ३५ मिनिटांच्या तासातली १५ मिनिटं त्यातच गेली. शेवटी "काय कळलं?" म्हणून विचारलं तर तीनच हात वर आले, आणि ते तिघं एरवीही हात वर करतातच.

मला हे सोडून द्यायचं नाहीये. आमच्या मुलांना एवढं एक साधन मिळालंय, त्याचा उपयोग झालाच पाहिजे असं मनापासून वाटतं. तुम्ही वर्गात प्रत्यक्ष काय वापरता? फुकट असलेलं, शक्यतो मराठीतलं, आणि मागच्या बाकावरच्या मुलांपर्यंत पोचणारं काही असेल तर सांगा.

प्रयोगवही:
बाई, वर्गातल्या नेटवर अजिबात विसंबू नका. दाखवायचं ते आदल्या रात्री घरी उतरवून लॅपटॉपमध्ये घ्या. एवढं केलंत तरी तुमची निम्मी चिंता मिटेल.

विज्ञानासाठी मी 'फेट' सुचवेन. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प आहे, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली सुरू केलेला. पूर्ण फुकट. त्यातली बरीच सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर करून बघायचे आभासी प्रयोग, मराठीत आहेत, आणि नव्या पद्धतीची सिम्युलेशनं एकेका फाइलमध्ये उतरवून घेता येतात. ब्राउझरमध्ये फाइल उघडली की नेटशिवाय चालतात.

पण नुसतं दाखवू नका. धाराविद्युतचा धडा मी कसा घेतो ते सांगतो. पडद्यावर एक घट, एक कळ आणि एकसर जोडणीत, म्हणजे एकाच तारेत एकामागोमाग, दोन सारखे बल्ब ठेवतो. कळ उघडी. मग विचारतो, कळ बंद केल्यावर कुठला बल्ब जास्त उजळेल? प्रत्येकानं कारणासकट वहीत लिहायचं, बोलायचं नाही. दरवर्षी बरीच मुलं घटाजवळचा बल्ब लिहितात. कारण काय, तर "पहिल्यानं वीज वापरली, दुसऱ्याला उरलेली मिळाली."

मग कळ बंद करतो. दोन्ही बल्ब सारखेच उजळतात. वर्गात एकच गलका होतो. आता इलेक्ट्रॉनचे निळे ठिपके बघायला सांगतो. पहिल्या बल्बच्या अलीकडे, दोन्हींच्या मधे आणि दुसऱ्याच्या पलीकडे, सगळीकडे ते एकाच चालीनं सरकत असतात. तिसरा बल्ब जोडला की तिन्ही मंद होतात आणि ठिपकेही हळू चालायला लागतात. खऱ्या तारेत हे सरकणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून इथे पडदा हवाच.

त्याच तासाला टेबलावर टॉर्चचे खरे बल्ब आणि सेलही ठेवा. खरे बल्ब पुष्कळदा थोडे कमीजास्त उजळतात. मग कुणीतरी विचारतंच, "सर, पडद्यावर तर सारखे होते?" हा प्रश्न आला की पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि मुलांना बल्बांची अदलाबदल करू द्या. मंद बल्ब दुसऱ्या जागी लावूनही मंदच राहिला, तर फरक जागेमुळे नसून बल्बातच आहे, हे त्यांचं त्यांनाच सापडतं. मी वीस वर्षं शिकवतोय, अजूनही त्या क्षणी मला अंगभर आनंद होतो.

धनकवडीची_आई:
मी शिक्षिका नाही, आठवीतल्या मुलाची आई आहे. एक विनंती करते. काहीही ठरवा, पण घरी फोनवर करायचा अभ्यास देऊ नका. आमच्याकडे स्मार्टफोन एकच, तो ह्यांच्याबरोबर कामावर जातो आणि रात्री नऊला घरी येतो. मुलाच्या आधीच्या शाळेत रोज ग्रुपवर लिंक यायची. तो जेवण सोडून फोनची वाट बघत बसायचा, आणि सकाळी "केलं नाही" म्हणून उभा राहायचा. सहा महिने हे चाललं. दुसरं म्हणजे एका ॲपसाठी शाळेनं मुलांची नावं, जन्मतारखा, फोटो सगळं भरून घेतलं आणि आम्हाला नंतर कळवलं.

गणित_हडपसर:
ताई, तुमचं दोन्ही बाबतींत बरोबर आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलंय, आणि त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. म्हणून मी मुलांची खाती उघडतच नाही.

बाई, "काय कळलं" हे सगळ्यांकडून कळण्यासाठी 'प्लिकर्स' बघा. मुलांकडे फोन लागत नाही. प्रत्येकाला एक छापील कार्ड द्यायचं. त्यावर काळी चौकोनी नक्षी असते आणि चार कडांना बारीक अक्षरात चार पर्याय. मूल आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरतं, आणि आपण फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो. कुणाचं काय उत्तर ते लगेच स्क्रीनवर येतं. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी असते, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून धरता येत नाही. साधा संच ४० कार्डांचा आहे, तुम्ही ६३ चा मोठा संच घ्या. यादीत नावांऐवजी हजेरी क्रमांक घाला. याला नेट लागतं, पण तुमच्या फोनचा डेटा पुरेल.

अप्पा बळवंत चौकात जाड कागदावर छापून मिळतील. नक्षीवर बोट आलं तर कॅमेऱ्याला कार्ड ओळखता येत नाही, म्हणून पहिल्या दिवशी फक्त कार्ड कडेला धरण्याचा सराव घ्या.

मुठाकाठ:
भूगोलासाठी गूगल अर्थ. पण आल्प्स, सहारा नंतर. आधी मुलांना त्यांची नदी, मुठा दाखवा. खडकवासला धरणापासून वर जायचं: मुठेवर टेमघर, मोशी नदीवर वरसगाव, आंबी नदीवर पानशेत, ही तिन्ही धरणं. मग खाली यायचं ते थेट मुळा-मुठेच्या संगमापर्यंत. रेघ ओढून अंतर मोजता येतं, ते मुलांनाच एकेक करून पुढे बोलावून मोजायला लावा.

तुमची शाळा पेठेत आहे म्हणून मुद्दाम सुचवतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं. पाणी कुठून कुठे आलं ते पडद्यावर दाखवा आणि घरी एकच प्रश्न पाठवा: आजी-आजोबांना विचारा, पाणी कुठपर्यंत आलं होतं? याला फोन लागत नाही, धनकवडीच्या ताईंची अडचणही येत नाही. माझी आजी नारायण पेठेतल्या वाड्याच्या जिन्याची पायरी मोजून सांगायची. अशी उत्तरं आली की नकाशावर एकेक खूण करत जा.

नेटचा भरवसा नसेल तर घरी हा सगळा प्रवास स्क्रीन रेकॉर्ड करून न्या.

वाचनकट्टा:
थोडक्यात भर घालते. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर नेतात, साहित्य आधी स्वतः बघून मगच निवडा, सगळं सारखं चांगलं नाही. 'किविक्स' या फुकट सॉफ्टवेअरमध्ये अख्खा मराठी विकिपीडिया लॅपटॉपवर उतरवता येतो आणि नेट नसताना शोधता येतो. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर'. आणि आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी उभं केलेलं काम तर आपल्या पुण्यातलंच आहे. त्यांच्या टाकाऊतून खेळण्यांचे मराठी व्हिडिओ गुरुवारी लाइट जाण्याच्या आदल्या दिवशी दाखवा. गुरुवारी मुलं हातानं बनवतील.

आठवी_ब_च्या_बाई:
तीन आठवड्यांनी येतेय, उशीर झाला. सगळं एकदम न करता फक्त बल्ब आणि कार्डं घेतली.

कळ बंद करायच्या आधी कार्डं धरायला लावली. ५२ पैकी ३४ जणांनी "घटाजवळचा बल्ब" धरला, नेहमी हात वर करणारे तिघंही त्यात होते. "दोन्ही सारखे" धरणाऱ्या नऊ जणांत एक मुलगी होती. जूनपासून तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकला होता. कारण विचारलं तर हळूच म्हणाली, "एकाच तारेतून जायचंय ना बाई, मधे दुसरा रस्ताच नाही." मी तिला तेच पुन्हा मोठ्यानं सांगायला लावलं. मग टेबलावरच्या बल्बांची अदलाबदलही तिच्याच गटानं केली.

पुराचा प्रश्न घरी पाठवलाय. आत्तापर्यंत ११ उत्तरं आली. एका मुलाचे आजोबा स्वतः वर्गात येऊन सांगणार आहेत, शनिवारी.

एक अडचण आहे. टिकाऊ व्हावीत म्हणून कार्डं लॅमिनेट केली, तर खिडकीकडच्या दोन रांगांतली चमकतात आणि कॅमेऱ्याला दिसत नाहीत. काय करू?

गणित_हडपसर:
लॅमिनेशन नको, ही चूक मीही केली होती. साध्या कागदावर पुन्हा छापा आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. तोवर त्या दोन रांगांना कार्ड थोडं खाली झुकवून धरायला सांगा, चमक जाते.