रिबलहेडचा पूल: फोटोसाठी कुठे उभं राहावं?

मंडळी, सप्टेंबरात लीड्सला भावाकडे जातोय. एक अख्खा दिवस उत्तर इंग्लंडमधल्या सेटल-कार्लाइल रेल्वेमार्गासाठी राखलाय. 1876 पासून प्रवासी गाड्या धावणारा हा मार्ग 1989 मध्ये बंद होता होता वाचला.

याच मार्गावरचा रिबलहेडचा 24 कमानींचा दगडी रेल्वे पूल टिपायचाय, मागे व्हर्नसाइडचा डोंगर हवाच. डोंगर वायव्येला आहे, म्हणजे स्टेशनच्या बाजूने ऊन सकाळीच बरं मिळेल, असा नकाशावरून अंदाज. बरोबर आहे का? दुपारी पोचलो तर पुलाची काळी आकृतीच हाती लागेल?

नॉर्दर्न या रेल्वे कंपनीच्या क्लास 158 प्रवासी डिझेल गाड्या दिसतीलच, पण तो पांढरा-निळा रंग त्या माळावर फिका वाटतो (मला तरी!). खरी ओढ आहे ती जीबी रेलफ्रेट या मालवाहतूक कंपनीच्या निळ्या-नारिंगी क्लास 66 डिझेल इंजिनांची. खाणीतून दगड नेणाऱ्या मालगाड्या शनिवारी धावतात का? वेळा कुठे बघायच्या?

शिवाय याच मार्गावरचं डेंट स्टेशन, उंची साधारण 350 मीटर, इंग्लंडच्या मेन लाइनवरचं सर्वात उंच. गाव तिथून सहा-सात किलोमीटर लांब. आईही सोबत आहे, तेव्हा तिथे उतरावं की गाडीतूनच बघावं? लीड्सहून जाताना खिडकी कुठल्या बाजूची धरू?